राबाचा धूर, एक रिंग

परीक्षेच्या हॉलमध्ये धूर शिरला की मुलं आधी खिडकीकडे बघतात आणि मग माझ्याकडे. यंदाही तसंच झालं. पेपर सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते आणि कॉलेजच्या खालच्या खाचरांमधून तो वास वर आला. शेणाचा, वाळक्या पानांचा, तापलेल्या मातीचा. जळण्याचा कमी, भाजण्याचा जास्त. पहिल्या बाकावरची मुलगी खोकली आणि म्हणाली, "सर, खिडकी लावू?"

"राहू दे," मी म्हटलं. "जाईल."

जाणार नाही हे मला माहीत होतं. राब दिवसभर धुमसतो.

आमच्या मुळशीत परीक्षा आणि राब एकाच सुमाराला येतात. भाताचं रोप जिथं टाकायचं तेवढा जमिनीचा तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. खाली शेण, त्यावर पातेरा, त्यावर पेंढा, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. तो थर नसेल तर सगळं भसकन पेटतं आणि घटकाभरात संपतं. माती असली की आग आतल्या आत सरकत राहते. ज्वाळ दिसत नाही, नुसता धूर दिसतो. तणाचं बी मरतं आणि मग येणारं रोप जोमानं येतं. मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे आत काय काय घडतं ते फळ्यावर लिहून दाखवू शकेन. पण नोकरीची बरीच वर्षं त्या धुराचा माझ्या लेखी एकच अर्थ होता: पेपर तपासायचे दिवस आले. टाळेबंदीच्या त्या पहिल्या उन्हाळ्यापासून त्याला दुसरा एक अर्थ चिकटला. तो मी कुणाला सांगितला नव्हता. बायकोलासुद्धा नाही.

मुलांनी मला ठेवलेलं नाव 'ब्युरेट'. ब्युरेट म्हणजे प्रयोगशाळेतली ती उभी काचेची नळी, खाली तोटी असलेली. तिच्यातून द्रव थेंबाथेंबानं सोडतात. मी मार्क तसे देतो, असं मुलांचं म्हणणं. कॉरिडॉरमधून जाताना मागून कुणीतरी हळूच "टप्… टप्…" असा आवाज काढायचं. मी वळून बघायचो नाही. खरं सांगायचं तर मला ते नाव आवडायचं.

माझी एक पद्धत होती. अंतर्गत गुण, म्हणजे जे आम्ही कॉलेजातल्या मास्तरांनी द्यायचे, ते मी कमीच द्यायचो. आमच्यातले पुष्कळ जण तसंच करतात. मोठा पेपर विद्यापीठाचा असतो, तपासणारा लांबचा असतो, खरी वजनदार परीक्षा ती. आमच्या हातातले गुण म्हणजे पोरांच्या पाठीवर ठेवलेली थाप किंवा काढलेला चिमटा. मी चिमटावाला. हुशार पोरालाही थोडे कापून द्यायचे, म्हणजे ते चिडून अभ्यास करतं आणि मोठ्या पेपरात भरून काढतं. ते गुण शेवटचे नसायचेच. ते शेवटचे आहेत असं समजून मी कधीच दिले नव्हते.

आणि मग तो उन्हाळा आला ज्यात मोठा पेपरच झाला नाही.

त्या उन्हाळ्याचं मला काय काय आठवतं! पौड रस्त्यावर एकही गाडी नाही आणि मधोमध निवांत बसलेली कुत्री. फाट्यावर आडवे टाकलेले ओंडके. कुलूप लावलेल्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर बसलेली धूळ. करवंदं पिकली आणि विकायला कुणी बसलं नाही, त्यामुळे डोंगराच्या उतारावर ती सुकून काळी पडली. माणमधल्या एका विद्यार्थ्यानं ग्रुपवर फोटो टाकला होता: त्यांच्या इमारतीची एका ओळीत उघडी दारं, आत एकही माणूस नाही, आणि एका खोलीत मागं राहिलेली बादली. आयटीतले भाडेकरू एका रात्रीत आपापल्या गावाला गेले होते. राब मात्र त्याही वर्षी भाजले गेले. माणसं घरात, आणि शेतांतून धूर. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, इथं सगळं नेहमीसारखं चाललंय.

मग कळलं की दुसऱ्या वर्षाच्या मुलांची परीक्षा होणार नाही. मागच्या सत्राचे गुण आणि आमचे अंतर्गत गुण मिळून निकाल लागणार. आमचे प्राचार्य सज्जन माणूस. ऑनलाइन मीटिंगमध्ये त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता, कपाळ आणि चष्मा. ते म्हणाले, "गुण भरताना जरा परिस्थिती बघा. कुणाच्या घरात काय चाललंय आपल्याला माहीत नाही. हात सैल सोडा. पाठवायच्या आधी बदलता येतील." आमच्यातल्या काहींनी सगळ्यांनाच भरभरून देऊन टाकले आणि मोकळे झाले. मला ते पटलं नाही. सगळ्यांना सारखंच द्यायचं तर मास्तर कशाला हवा? मी ठरवलं, एकेकाचं बघून देऊ. ज्याला खरी गरज आहे तो सांगेल.

हे वाक्य त्या वेळी मला फार न्यायाचं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात मला ताप आला आणि कोरोनाच्या तपासणीत मी पॉझिटिव्ह निघालो. मागच्या खोलीत माझी रवानगी झाली. बायको दाराशी ताट ठेवून दोन पावलं मागं सरकायची आणि मी ताट उचलेपर्यंत तिथंच उभी राहायची. चव गेली, वास गेला. खिडकीबाहेर राबाचा धूर दिसायचा आणि नाकाला काही कळायचं नाही. दिसतंय पण जाणवत नाही, अशी विचित्र अवस्था. मांडीवर लॅपटॉप, त्यात मुलांचे गुण, उशाला फोन. सर आजारी आहेत अशी बातमी ग्रुपवर पसरली आणि फोन सुरू झाले.

"सर, तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"काळजी घ्या सर. काढा घेताय ना?"

"घेतोय."

"वाफ घ्या सर. मम्मी म्हणते ओव्याची घ्या."

"बरं."

 आणि मग, "सर, ते इंटर्नलचं काय झालं?"

सगळ्यांचे फोन असेच. माणचा तो मुलगा म्हणाला, "सर, आमच्या रूमी सगळ्या मोकळ्या हायेत. पप्पा दिवसभर जिन्यात बसून ऱ्हातेत. मला फर्स्ट क्लास आला तर त्यास्नी जरा बरं वाटंल बघा." मी त्याचे गुण वाढवले. कासार आंबोलीच्या एका मुलीची आई बोलली: "सर, मी तिला गोठ्यात पाऊल टाकू देत न्हाई, पुस्तक धर म्हणते. आता परीक्षाच न्हाई तर म्या काय धरू?" मला हसू आलं. तिचेही वाढवले.

इथपर्यंत ठीक होतं. आता पुढचं. मला ते आवडायला लागलं होतं. एकटा पडलेला, तापानं कण्हणारा माणूस मी, ज्याला ताटसुद्धा दारातून सरकवलं जातं असा, आणि फोन वाजायचा, पलीकडून कुणीतरी अडखळत मागायचं, मी जरा वेळ घ्यायचो, जरा खाकरायचो आणि म्हणायचो, "बघू." फोन ठेवून गुण वाढवायचे. देण्यातलं सुख होतं ते. पण मागून घेण्यातलंही होतं. फोन आला नसता तर ते गुण मी दिले नसते. आणि ज्यांचे फोन आले नाहीत त्यांच्या नावासमोर मी थांबून राहायचो, उंबऱ्यात उभं राहून रस्त्याकडे बघावं तसा.

सारिकाच्या नावासमोर सगळ्यात जास्त थांबलो.

सारिका मुठ्याची. वडील बंगल्यांना आणि शहरातल्या एका सोसायटीला दूध घालायचे. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. पण तिच्या हातात काहीतरी होतं. अनुमापनाच्या प्रयोगात, म्हणजे ब्युरेटमधून थेंब सोडत खालच्या चंबूतल्या द्रवाचा रंग पालटायची वाट बघायची असते त्यात, बाकीची पोरं गडद गुलाबी करून ठेवायची. एखादा थेंब जास्त पडला की गेलं. सारिका इतक्या फिकट गुलाबीवर थांबायची की मला चंबू पांढऱ्या कागदावर ठेवून बघावं लागायचं. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त अंतर्गत गुण तिलाच होते. माझ्या मापानं जास्त. म्हणजे तसे आखडतेच. आता फोन करणाऱ्यांचे गुण वर सरकत होते आणि ती होती तिथंच होती. एकेक जण तिला ओलांडून पुढं जात होता आणि ते मी माझ्या हातानं करत होतो.

हिचा फोन आला की हिला द्यायचे, असं मी ठरवलं होतं. सगळ्यात जास्त. मनात तिच्याशी काय बोलायचं तेही ठरलं होतं.

एका दुपारी फोन वाजला. एकदाच. हात पुढं करेपर्यंत थांबला. बघितलं तर नाव तिचं.

मिस्ड कॉल.

मी तो पाहिला. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला ग्लानी होती, फोन लांब होता, नंतर राहून गेलं. यातलं काही खरं नाही. फोन माझ्या हातात होता, नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मनात आलेलं वाक्यही मला जसंच्या तसं आठवतं: 'सरांना मिस्ड कॉल देते? गरज हिला आणि फोन मी करू?' इतर पोरं निदान ओव्याची वाफ तरी सुचवत होती. मी फोन पालथा ठेवला. येईल पुन्हा, म्हटलं.

पुन्हा आला नाही. दोन दिवसांनी मी गुण पाठवून दिले. तिचे होते तेवढेच.

पुढच्या वर्षी तिचा अंतिम निकाल लागला आणि पहिला वर्ग केसभरानं हुकला. पिरंगुटच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला जायचं होतं. दुसऱ्या वर्षापासून ती तेच म्हणायची. पांढरा कोट घालून, गावातून स्कूटीवर जाता येईल अशी नोकरी. त्या कंपनीनं अर्जच घेतला नाही. पहिला वर्ग पाहिजे म्हणाले. हे मला तिच्या वर्गातल्या एका मुलानं सांगितलं, सहज, दुसरंच काही बोलता बोलता. मी "अरेरे" म्हटलं. घरी येऊन हिशेब केला. दोष द्यायला इतर विषय होते, इतर मास्तर होते, तिसऱ्या वर्षाचे ऑनलाइन पेपर होते. पण हिशेब कुठूनही सुरू केला तरी माझ्याच दारात येऊन थांबायचा. त्या दुपारी मी उलट फोन केला असता तर ती वरच्या बाजूला असती.

त्यानंतर ती एकदा कॉलेजात आली होती, दाखला न्यायला. कॉरिडॉरमध्ये समोरासमोर गाठ पडली. मास्कमधून तिनं विचारलं, "बरे आहात ना, सर?"

मला तो टोमणा वाटला. मी मान हलवली आणि लायब्ररीकडे वळलो. लायब्ररीत माझं काही काम नव्हतं.

पुढं माझा हात सैल झाला. आताची पोरं मला ब्युरेट म्हणत नाहीत, त्यांना त्यातली गंमतही कळणार नाही. पण उशिरा सोडलेली तोटी. जिथं पडायला हवं होतं ते भांडं केव्हाच उचलून नेलेलं.

यंदाच्या त्या पेपरनंतर मी स्टाफरूममध्ये आलो तेव्हा आमच्याकडे नव्यानं लागलेला एक तरुण प्राध्यापक जुन्या विद्यार्थ्यांचे अर्ज चाळत होता. प्रयोगशाळेत तात्पुरता माणूस हवा होता. त्यानं एक अर्ज बाजूला सारला आणि म्हणाला, "ही कोविडची बॅच ना सर? यांना घरपोच डिग्री मिळाली. दुधाच्या पिशवीबरोबर."

सगळे हसले. मीही हसलो.

त्या हसण्यानं मात्र मला झोप लागू दिली नाही. त्याला काय माहीत, तो तेव्हा स्वतःच विद्यार्थी होता. मला माहीत होतं. त्या सवलतीत कुणाला काय मिळालं आणि का मिळालं, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. विद्यापीठानं दार उघडलं होतं. दारात उभा मी होतो, आणि ज्यांनी हाक मारली त्यांनाच आत घेत होतो. रविवारी सकाळी बायकोला म्हटलं, "मुठ्याला जाऊन येतो."

"कुणाकडे?"

"एक विद्यार्थिनी आहे."

"काय काम काढलंत?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. शेवटी म्हणाली, "इतकी वर्षं पोटात ठेवलंत? जा. आणि रिकाम्या हातानं जाऊ नका."

पिरंगुट सोडलं, उरवडं मागं टाकलं, तसा दोन्ही बाजूंना धूर दिसू लागला. मधे मधे बंगले. उंच भिंती, फुलझाडं, नावांच्या पाट्या. ह्या वाटेवरून मी पूर्वीही गेलो होतो आणि दर वेळी मुठ्याच्या अलीकडून गाडी वळवली होती. या वेळी रस्त्यात एका म्हाताऱ्याला घर विचारलं. तो म्हणाला, "पान्याची डाक्टर व्हय? त्ये काय, निळ्या पत्र्याचं."

सारिका अंगणातच होती. अंगात सनकोट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, स्कूटीच्या पुढं क्रेट आणि क्रेटमध्ये छोट्या बाटल्या. मला बघून तिनं आधी ओढणी सोडली.

"अगं बाई! सर!"

"आलो असाच," मी म्हटलं. हातातला आंब्यांचा बॉक्स मला एकाएकी फार मोठा वाटायला लागला.

"असेच कुणी मुठ्याला येत नाही, सर. जमीन बघताय का?" ती हसली आणि घरात शिरून खुर्ची पुसू लागली.

बंगल्यांचे पोहण्याचे तलाव ती सांभाळते. पाण्यातलं क्लोरीन बघायचं, आम्लता बघायची, काय किती टाकायचं ते माळ्याला सांगायचं. शनिवार-रविवारी मालक येतात, त्याआधी पाणी स्वच्छ हवं. "प्रॅक्टिकल तुमचंच चाललंय," ती म्हणाली. "फक्त चंबू मोठा झाला." लग्न ठरलं होतं, मुलगा उरवड्याचा. "त्याला आधीच सांगितलंय, तलाव सोडणार नाही म्हणून. तो म्हणतो, मलाबी पोहायला शिकव."

मी हसलो. पाण्याचा तांब्या हातात धरून बसलो. बोलायचं ते ओठांपर्यंत यायचं आणि मी पाण्याचा घोट घ्यायचो.

तेवढ्यात खिडकीत ठेवलेला फोन वाजला. एकदाच, आणि थांबला. सारिकानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठली आणि गॅसवर आधण ठेवलं.

"उचलायचा नाही?" मी विचारलं.

"आबा आहेत. राबावरून निघाले. चहा ठेवा म्हणतायत."

"एका रिंगेत?"

"उचलला तर चिडतात. म्हणतात, बोलायचं असतं तर दोनदा नसता का वाजवला!" ती चहापत्ती टाकत म्हणाली. "ती सवय त्या वेळची आहे सर. शहरातल्या सोसायटीत दूध घालता घालता आबांना कोरोना झाला, सेंटरला ठेवलं होतं. बोललं की दम लागायचा. आई इकडं रडायची. मग तिथल्या सिस्टरनं सांगितलं, बोलू नका, संध्याकाळी एक रिंग द्या. एक रिंग आली म्हणजे माणूस बरा आहे. आम्ही उलट एक रिंग द्यायचो. म्हणजे घरीपण सगळे बरे. सहापासून आई फोन मांडीवर घेऊन बसायची."

तांब्या मी खाली ठेवला. 

"सारिका," मी म्हटलं, "मला तुला एक सांगायचंय. त्या वर्षी तुमचे अंतर्गत गुण वाढवायची मुभा होती. मी बऱ्याच जणांचे वाढवले. तुझे वाढवले नाहीत. आणि त्या दिवसांत तुझा मला एक मिस्ड कॉल आला होता. मी तो पाहिला होता. मुद्दाम उलट फोन केला नाही. मला वाटलं, गरज असेल तर ही नीट फोन करेल."

ती चमचा हातात धरून उभी राहिली.

"मार्कांसाठी?" तिनं विचारलं. "मार्कांसाठी नव्हता सर तो फोन."

बाहेर स्कूटीवर चढून कोंबडी बसली होती. मी त्या कोंबडीकडे बघत राहिलो.

"ग्रुपवर आलं होतं, तुम्ही पॉझिटिव्ह आहात. आबा तिकडं, तुम्ही इकडं. वाटलं, तुम्हालाही बोलवत नसेल. म्हणून एक रिंग दिली."

"मग?"

"मग काय. वाट बघितली." ती गॅसकडे वळली. "तुमची आली नाही. मी आईला म्हटलं, सरांचं काही खरं नाही. आई देवासमोर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तुमचा मेसेज आला, उशिरा आलेली जर्नल्स स्वीकारली जाणार नाहीत. तेव्हा आई म्हणाली, ऊठ, मास्तर बरा हाय."

ती हसली. मला हसता आलं नाही. थोड्या वेळानं तिचं हसूही मावळलं.

"पण मार्कांचा राग आला होता. खोटं कशाला बोलू? नोकरी हुकली त्याचा तर आलाच. पण त्याआधीचा वेगळाच. सगळ्यांचे वाढले, माझे तेवढेच. सगळ्यांचे तेवढेच राहिले असते तर काही वाटलं नसतं. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. जर्नल घेऊन बसले होते सर. एकेक रीडिंग परत तपासलं. कुठं चुकलं ते सापडेचना."

"तुझं काही चुकलं नव्हतं."

"हे तेव्हा सांगायचं होतं ना, सर."

आवाज चढला नव्हता. चहा उतू जायला आला आणि तिनं गॅस बारीक केला, अगदी वेळेवर, वर आलेला फेस जागच्या जागी थांबला. मी "चुकलो" म्हणालो. तो शब्द त्या खोलीत फार लहान वाटला. तिनं तो नाकारला नाही आणि उचललाही नाही. कप भरले.

आबा आले. पायाला गुडघ्यापर्यंत राख, डोळे धुरानं लाल. बारीक झालेले, जरा चाललं तरी छातीला हात लावून थांबणारे. मी कोण ते कळल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ह्येच का त्ये थेंबाथेंबाचं सर?"

"आबा!" सारिका म्हणाली.

"आगं, तूच सांगितल्यालं. चहात साकर घाल जरा लई, न्हाईतर ह्यांच्यागत व्हायचं." मग माझ्याकडे वळून, "राब बघितला का? औंदा माती जरा जास्त पडली. विझतोय का पेटतोय कळंना झालंय. पर आत चालू हाय. हात लावून बघितलं की कळतंय."

आम्ही तिघं चहा प्यालो. ते दुधाचं, पाण्याचं, बंगलेवाल्यांच्या कुत्र्यांचं बोलत राहिले. मी आमच्या प्रयोगशाळेतल्या तात्पुरत्या जागेचं सांगितलं. पहिल्या वर्गाची अट नव्हती. सारिकानं ऐकून घेतलं. "बघते," म्हणाली. मी मुलांना जसं म्हणायचो, "बघू," तसंच. मग म्हणाली, "तलावांचं बरं चाललंय, सर. पण बघते."

मी निघालो तेव्हा उन्हं कलली होती. गाडीपर्यंत ती आली. आंब्यांच्या रिकाम्या बॉक्समध्ये तिनं करवंदं भरून दिली, वर पळसाचं पान. 'माफ केलंस का,' असं मी तिला विचारणार होतो. विचारलं नाही. मागून घ्यायची सवय सोडायची तर ती इथंच सोडायला हवी होती.

"सावकाश जा सर. वळणावर धूर असतो," ती म्हणाली. आणि मग, घरातल्या कुणालाही म्हणावं तसं, "पोचलात की रिंग द्या."

वळणावर खरंच धूर होता. काच खाली करून चालवली. वास नाकात भरला, कपड्यांना लागला. त्या वर्षी खिडकीतून नुसता दिसलेला तो हाच, इतक्या वर्षांनी येऊन पोचलेला. पिरंगुटला आमच्या इमारतीखाली गाडी लावली तेव्हा दिवे लागले होते. वर जायच्या आधी फोन काढला. तिचं नाव अजून 'सारिका एस. वाय.' असंच होतं, दुसऱ्या वर्षातलं. एक रिंग जाऊ दिली आणि बंद केला.

मग फोन मांडीवर ठेवून गाडीतच बसलो. तिची आई बसायची तसा. शेजारच्या सीटवर करवंदं होती. बाजूच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता. वाट बघणं म्हणजे काय असतं, ते मला जरासं कळत गेलं.

फोन वाजला. एकदाच.

मी उचलला नाही.